कडबाकुट्टीचं खोटं

मुरगूडच्या पुढं एका वस्तीवर, शेतातल्या घराच्या गोठ्यात, वैरण बारीक कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र आहे. त्या यंत्रात माझ्या एका कामगाराचा उजवा हात गेला, असं सगळं गाव मानतं. दवाखान्याच्या कागदावर तसंच लिहिलंय. आमच्या कारखान्यात तसंच सांगतात, माझ्या घरातही तसंच सांगतात. ते खोटं आहे. तो हात आमच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, वाळूच्या मिक्सरमध्ये गेला, आणि कडबाकुट्टी मी सुचवली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. अंबाबाईपुढं उभा राहिलो तरी 'सगळ्यांना सुखी ठेव' एवढं पुटपुटून बाहेर पडतो. तिलासुद्धा नाही सांगितलं.

कडबाकुट्टी आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी बटण दाबावं लागतं. आमच्या खोट्यात ते बटण त्याच्या बायकोनं दाबलं. आठ वर्षं झाली, ती बाई ते बटण रोज दाबतेय.

मी बोलका माणूस नाही. कारखान्यात लोक म्हणतात, साहेब मोजकं बोलतात, पण बोलले की काम होतं. हे कौतुक ऐकलं की मला हल्ली समोरच्याचं टाळकं फोडावंसं वाटतं. मोजकं बोलणं हा गुण नसतो रे बाबांनो. कधी कधी तो फक्त लपायचा आडोसा असतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरचा मुलगा. वडील दुसऱ्याच्या लेथवर उभे राहून म्हातारे झाले. मी डिप्लोमा केला, फौंड्रीत ट्रेनी म्हणून लागलो, मग सुपरवायझर, मग शिफ्ट इनचार्ज, मॅनेजर, आणि आता व्हिजिटिंग कार्डावर 'डायरेक्टर, ऑपरेशन्स'. पावणेमंडळी विचारतात, म्हणजे नेमकं काय करता? मी सांगतो, उत्पादन बघतो. खरं उत्तर असं आहे: मालक ऑर्डर आणतो आणि मी ती माणसांकडून आणि भट्टीकडून वसूल करतो. भट्टीकडून कमी निघालं की माणसांकडून जास्त.

आमच्या औद्योगिक वसाहतीची सुट्टी सोमवारी. त्यामुळं मुलीच्या अख्ख्या बालपणात आमची सुट्टी एकमेकांना भेटली नाही. रविवारी मी भट्टीवर, सोमवारी ती शाळेत. जेवताना फोन वाजला की ती सहा-सात वर्षांची असताना फोन उचलून आमच्या सुपरवायझरच्या आवाजात म्हणायची, "सायेब, लाईन बंद पडलीया!" आम्ही सगळे हसायचो. मग मी ताट सरकवून जायचो. आज ती बेंगळुरूला नोकरी करते, महिन्यातून एकदा फोन करते, आणि पहिला प्रश्न विचारते, "लाईन चालू आहे ना, बाबा?" आता आम्ही दोघंही हसत नाही.

पण हे रडगाणं पुरे. माझं घर कसं चाललं हे ऐकायला कुणी बसलेलं नाही. मिक्सरच्या स्विचबद्दल सांगतो.

वाळूचा मिक्सर म्हणजे माणूस मावेल एवढी लोखंडी कढई. आत पाती फिरतात. वाळू, माती आणि कोळशाची भुकटी एकजीव होते. त्या काळ्या वाळूचे साचे करायचे आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. कढईला झाकण असतं आणि झाकणापाशी एक छोटा स्विच. झाकण उघडलं की यंत्र बंद. आत हात असताना पातं फिरू नये, यासाठी. पण आमच्याकडं त्या स्विचात धूळ जायची, झाकण बंद असतानाही मिक्सर मध्येच थांबायचा. मिक्सर थांबला की साचे थांबायचे, आणि साचे थांबले की भट्टीत लोखंड उकळत उभं राहायचं.

मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, "तार टाक आणि तो स्विच बाजूला काढ. दसऱ्यापर्यंत चालवू."

"सायेब, मग झाकाण उघडलं तरी फिरंल की ते."

"उघडायचं न्हाय म्हणून सांग सगळ्यांना."

सगळ्यांना सांगितलं गेलं. जो त्या आठवड्यात गावच्या जत्रेसाठी रजेवर होता, त्याला सांगायचं राहिलं.

दसरा आला. खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं धुतली. त्या मिक्सरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, पुढं नारळ फोडला. मालकांनी आरती ओवाळली, मी शेजारी हात जोडून उभा. आणि हाराखाली ती तार तशीच होती. मला दिसत होती. मी मनात म्हटलं, दिवाळीची ऑर्डर जाऊ दे, मग काढू.

दिवाळीच्या तोंडावर, दुपारी पाळी संपताना, ज्याला सांगायचं राहिलं होतं त्यानं झाकण उघडलं आणि पात्यांना चिकटलेली वाळू खरवडायला हात आत घातला. झाकण उघडं म्हणजे यंत्र बंद, हे तो वर्षानुवर्षं धरून चालला होता. खांबापलीकडं पॅनेलपाशी असलेल्या दुसऱ्या माणसाला तो दिसत नव्हता. त्यानं पुढच्या पाळीसाठी मिक्सर चालू केला. तो दुसरा माणूस बिहारचा होता, पंधरवड्यात नोकरी सोडून गेला. त्याला मी दोष देत नाही. द्यायचा तर आरसा घरी आहे.

जखमी कामगाराला मी माझ्याच गाडीतून नेलं. ॲम्ब्युलन्स बोलावली असती तर नोंद झाली असती. पुढच्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची माणसं ऑडिटला, म्हणजे कारखाना तपासायला, यायची होती. गेटवर आमची पाटी होती: इतके दिवस अपघाताविना. ती पाटी बघूनच ते ऑर्डर देणार होते. गाडी पंचगंगेच्या पुलावर आली तोवर माझं ठरलं होतं. मागच्या सीटवर माणूस कण्हत होता आणि मी कारण शोधत होतो, आणि ते मला सापडलं होतं. एवढ्या लवकर सापडलं, याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

कारण मी त्याच्या घरी जेवलो होतो. आमच्याकडं कामगार साहेबाला जत्रेला बोलावतो आणि साहेबानं जायचं असतं. आदल्या वर्षी गेलो होतो. मटण, तांबडा-पांढरा रस्सा, तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी. त्याच्या बायकोनं आग्रह करकरून वाढलं. जेवण झाल्यावर त्यानं हौसेनं गोठा दाखवला: दोन म्हशी, आणि नवीन घेतलेली कडबाकुट्टी. "बटण दाबलं की झालं, सायेब. पूर्वी विळीवर निम्मा दिस जायाचा." घर वस्तीवर होतं, शेजारपाजार लांब. त्याच्या गावचा दुसरा कुणी आमच्याकडं कामाला नव्हता. आई-वडील राधानगरीकडं लेकीकडं गेलेत, हेही त्यानं मला अपघाताच्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. त्यांच्या घरचं खाल्लं, म्हणून खोटं एवढं चांगलं जमलं.

डॉक्टर ओळखीचे होते. त्यांनी जखम बघितली. "कडबाकुट्टी?"

"हो."

"कुट्टीनं कापतं. हे चिरडलंय. आणि ही काळी वाळू?"

"फौंड्रीतला माणूस आहे डॉक्टर. अंगावर असतेच."

त्यांनी कागद ओढला आणि कडबाकुट्टी लिहिलं.

ऑपरेशनला न्यायच्या आधी मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. तो शुद्धीत होता. म्हणाला, "म्हणतो व्हय, सायेब. पर ह्यात भोक हाय." त्या अवस्थेतही त्याला ते दिसलं. "एकटा माणूस चालू कुट्टीत हात कशाला घालंल? मी काय येडा हाय? वैरण अडाकली म्हणून बंद करून काढाय गेलो, आन् कुणीतरी बटण दाबलं, आसं पायजे. पर आमच्या मंडळींचं नाव नगा घालू."

तोवर ती आली होती. शेतातून तशीच उठून, जीपमध्ये बसून. मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, कुट्टीची गोष्ट सांगितली आणि भाषण केलं. भाषणच होतं ते. ऑर्डर गेली तर कारखाना बसेल, दोनशे चुली विझतील, आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंब हा शब्द मी वापरला. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे बटण मी दाबलं म्हणायचं."

"तसं नाही वहिनी, चुकून..."

"चुकून का आसंना. घरात मी एकटीच हुते न्हवं? दुसरं कोण दाबणार, म्हस?"

मी मान डोलावली.

"किती दिस?"

"चार महिने. ऑडिट होऊ दे, ऑर्डर हातात येऊ दे. मग मी स्वतः घरी येतो. तुमच्या सासू-सासऱ्यांसमोर, भावकीसमोर खरं काय ते सांगतो."

"शब्द?"

"शब्द."

"आन् ह्यांची नोकरी?"

"माझी जबाबदारी."

ती आत गेली आणि डॉक्टरांना स्वतःच म्हणाली, माझ्या हातनं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू-सासरे आले. कसं झालं म्हणून सासूनं विचारलं आणि हिनं सांगितलं. सासूनं भर व्हरांड्यात, नर्सा आणि पेशंट बघत असताना, तिच्या मुस्काटात मारली. "डोळं फुटलंतं का गं तुझं? माझ्या लेकाचा हात खाल्लास!" मी दोन पावलांवर उभा होतो, हातात चहाचा कप. तिनं गाल धरून माझ्याकडं बघितलं. मागत काही नव्हती. मी बघतोय की नाही, एवढंच बघत होती. मी कपात बघितलं.

इथं मी बोलायला हवं होतं. त्या एका क्षणात सगळं मोडलं असतं आणि बरं झालं असतं. मी चहा संपवला.

कारखान्यात परत आल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर त्या दिवशीची त्याची हजेरी रजा करून टाकली. दुसरं, मिक्सरला नवीन स्विच बसवून घेतला. धूळ जाऊ नये म्हणून वर रबरी टोपण. अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाचं! कारखान्यातल्या सगळ्यांनी ते बघितलं आणि सगळ्यांनी तोंड मिटलं, कारण सगळ्यांना पगार पाहिजे होता आणि सगळ्यांना मी माहीत होतो. मालकांनी एकदाच विचारलं, "घरीच झालं न्हवं?"

"घरीच."

"मग बास. पुढचं मला काय सांगू नको."

ऑडिट झालं. पाहुण्यांनी पाटीसमोर फोटो काढला. ऑर्डर मिळाली, नवी लाईन आली, आणि वर्ष संपायच्या आत मी डायरेक्टर झालो. सत्काराला मालक स्टेजवरून म्हणाले, "कामगार घरी जखमी झाला. कंपनीचा काडीचा संबंध न्हाई. तरी आमच्या ह्या माणसानं त्याला वाऱ्यावर सोडलं न्हाई, गेटवर काम दिलं. याला म्हंत्यात माणुसकी!" टाळ्या. पहिल्या रांगेत माझी बायको डोळे पुसत होती. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे अजून सांगते. मी शेजारी बसून पोहे खातो.

हो, गेटवर काम दिलं. बसून करायचं, गाड्यांची नोंद ठेवायची. आणि रोज सकाळी त्या पाटीवरचा आकडा बदलायचा. डाव्या हातानं खडू धरून तो रोज लिहितो, आज इतके दिवस अपघात नाही. हे काम त्याला द्यायचं मी ठरवलं नव्हतं. गेटवाल्याचं ते कामच होतं. पण थांबवलंही नाही. माझी गाडी आत येते तेव्हा तो डाव्या हातानं सलाम करतो.

चार महिने होऊन गेल्यावर एकदा त्यानं गाडीच्या काचेशी वाकून विचारलं, "सायेब, ती इचारत हुती... कवा येताय म्हणून."

"जत्रेला येतो," मी म्हटलं. जत्रेला गेलो नाही. ऑडिट होतं, दुसऱ्याच कुणाचं तरी. ऑडिट नेहमीच असतं. पुढच्या वर्षी त्यानं परत विचारलं, मी 'बघू' म्हटलं. मग त्यानं विचारायचं सोडलं.

एकदा मीच उगाच विचारलं, घरी बरं आहे ना? तो हसत हसत सांगायला लागला. "बरं हाय की. म्हातारी तेवढी आडून बसलीया. आमच्या मंडळींच्या हातनं लाईट लावून घेत न्हाई. दिवेलागणीला हिनं आत जाऊन बटण दाबाय हात नेला की वरडतीया, 'नगो दाबू, माझा बी घास घेशील.' मग पोरगी घरात यीस्तवर बसत्यात दोघी अंधारात, सासू आन् सून." हे त्याला गमतीदार वाटत होतं की मला तसं वाटावं असा त्याचा प्रयत्न होता, कळलं नाही. मी 'अरेरे' म्हटलं आणि काच वर केली.

गेल्या वैशाखात त्याच्या मुलीचं लग्न झालं. अपघाताच्या वेळी शाळेत जाणारी मुलगी. पत्रिका घेऊन तो केबिनमध्ये आला, पाया पडला. जाणं भाग होतं. बायको म्हणाली, मी पण येते, तुमच्यामुळं उभं राहिलेलं घर बघू तरी.

मुरगूडजवळचं साधं मंगल कार्यालय. मला फेटा बांधला, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. तो सदऱ्याची उजवी बाही खाली ओढून पाहुण्यांचं बघत होता. ती सगळीकडं होती, अक्षता वाटत, म्हाताऱ्यांना बसवत, पोरांना दटावत. केस पिकले होते. माझ्यासमोरून दोनदा गेली, नमस्कार केला, थांबली नाही.

अक्षतांच्या जरा आधी लाईट गेली. पंखे थांबले, स्पीकर बंद पडला. जनरेटर दारामागंच होता आणि ती त्याच्या जवळ उभी होती. सहज दोन पावलं तिकडं वळली असेल. लगेच भावकीतला एक मोठ्यानं ओरडला, "काकी, लांब हुबा ऱ्हावा! नवऱ्या मुलाचं दोन्ही हात आजून शाबूत हाईत!"

मांडव हसला. मांडव म्हणजे शे-दोनशे माणसं. नवरीकडच्यांपैकी दुसऱ्या कुणीतरी वरपक्षाला उद्देशून पुढचं टाकलं, "पावणं, आत्ताच ध्यान ठेवा! विहीणबाई तुमच्याकडं आल्या तर मेन स्विचला कुलूप घाला!" अजून हशा. वरपक्षाला आधी कळेना, मग त्यांना कुणीतरी कानात समजावलं, आणि ते उशिरानं, जास्त मोठ्यानं हसले.

ती पण हसली. पदर तोंडावर घेऊन, मान हलवत, 'काय पण बोलत्यात' अशा थाटात. आठ वर्षांची सवय. बोहल्याशेजारी खुर्चीवर बसलेली सासू मात्र हसली नाही. ती सुनेच्या हातांकडं बघत होती, खरोखरच घाबरून. मुलगी मुंडावळ्यांतून खाली बघत होती. त्यानं बाही आणखी खाली ओढली.

जनरेटर सुरू झाला, अक्षता पडल्या, आणि मग माईकवाल्यानं पुकारलं: वधूपित्याचे आधारस्तंभ, कंपनीचे डायरेक्टरसाहेब, यांनी दोन शब्द आशीर्वादाचे बोलावेत. माईक माझ्या हातात दिला. त्या बाईच्या आयुष्यातले सगळे लोक एकाच छपराखाली होते: सासू, सासरा, भावकी, नवे व्याही, ज्यानं मघाशी टोमणा मारला तो. मला एक वाक्य बोलायचं होतं. कुणाला शोधायला जायचं नव्हतं, कुणाला जमवायचं नव्हतं. सगळे माझ्याकडंच बघत होते.

मी म्हणालो, नवदाम्पत्याचा संसार सुखाचा होवो. म्हणालो, नवरीचे वडील म्हणजे आमच्या कंपनीचं भूषण. म्हणालो, कुटुंब. परत तोच शब्द! टाळ्या पडल्या आणि मी माईक परत दिला.

जेवून निघताना ती गाडीपाशी आली. माझ्या बायकोला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. बायको गाडीत बसायला वळली तेवढ्यात ती माझ्या जवळ सरकली. आवाज चढवला नाही.

"माईक हातात हुता की, सायेब."

मी म्हटलं, "वहिनी, लग्नात कसं..."

"लग्नात त्यास्नी कसं जमलं मग? तुमी ऐकलासा न्हवं?" तिनं बोटावरचं कुंकू पदराला पुसलं. "चार म्हैनं म्हनलासा. मी मोजत बसले न्हाई. पर मी मेल्यावर सांगू नगासा. मला ऐकाय पायजे ते. माझ्या कानानं."

एवढं बोलून ती मागं फिरली. कुणीतरी तिला हाक मारत होतं.

गाडी निपाणी रस्त्याला लागली तेव्हा माझी बायको म्हणाली, "काय बाई आहे हो. नवऱ्याचा हात घालवला आणि वर हसते खिदळते. मला तर तोंड दाखवायची लाज वाटली असती."

मी गाडी चालवत राहिलो. मला बायकोचा राग आला, आणि तिचा काय दोष? तिला मीच हे शिकवलं. आठ वर्षं एका निरपराध बाईबद्दल मी माझ्या बायकोच्या मनात घाण भरून ठेवली आणि त्याच घाणीवर स्वतःला देवमाणूस म्हणवून घेतलं. तेव्हा गाडी बाजूला घेऊन सांगता आलं असतं. कोल्हापूरच्या वेशीवरच्या कळंब्यापर्यंत मी तिला रस्त्याच्या कामाबद्दल सांगत होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, येतो मी, सांगून टाकतो सगळं. वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. तो पांढरा पडला. "आता नगो सायेब. पाया पडतो. आता पोरगी दिलीया. तिच्या सासरची म्हंतील, खोटारड्यांच्या घरातली केली. माझी नोकरी जाईल. सरकारी चौकशी लागंल, दवाखान्यात मी बी खोटी सही केलीया. ऱ्हाऊ दे. तिला सवय हाय."

तिला सवय हाय! मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग लक्षात आलं, हे वाक्य माझंच आहे, फक्त आवाज त्याचा आहे. आणि खरं सांगतो, त्याच्या त्या विनवणीनं मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. तोच नको म्हणतोय, मग मी काय करणार? त्या नको म्हणण्याच्या मागं लपून मी अजून काही महिने काढले. पगार घेतला, ऑडिटं दिली, पाटीजवळून रोज दोनदा गेलो.

पण शब्द मी त्याला दिलाच नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला जिनं 'शब्द?' म्हणून विचारलं तिला दिला होता. तो माफ करायचा अधिकार त्याला नाही. पोरीच्या सासरची काळजी खरी आहे, नोकरीची खरी आहे, माझ्यावर गुन्हा दाखल होईल हेही खरं आहे. त्याची नोकरी वाचवायला जे करावं लागेल ते करीन, खोटं रचणारा मी होतो हे लिहून देईन. ही सगळी नंतरची कामं आहेत. मी त्यांना आधीची कामं करून ठेवलं होतं.

हे लिहिलं म्हणजे काही फिटलं, असं मी स्वतःला सांगू देणार नाही. ती हे वाचणार नाही. तिची सासू वाचणार नाही. मांडवात हसलेल्यांतलं कुणीही वाचणार नाही. कोल्हापुरात बसून कागदावर धीट होणं सोपं आहे. चार पानं झाली आणि अजून माझ्या बायकोला शेजारच्या खोलीत यातलं अक्षर माहीत नाही.

मी देणं लागतो ते असं. तिच्या घरी जायचं. सासू, सासरे आणि भावकी यांना समोर बसवायचं, तिलाही बसवायचं, आणि तिच्या कानावर पडेल अशा आवाजात सांगायचं की हिनं बटण दाबलं नाही, ही त्या वेळी शेतात होती, हात माझ्या कारखान्यात गेला आणि तो माझ्या हुकुमामुळं गेला. हे मी अजून केलेलं नाही.